मागचा शॉकअप आणि हिल्क्काचं वजन

हिल्क्का मागच्या सीटवर बसली आणि गाडीचं बूड टेकलं.

झालं ते एवढंच. उत्तरेकडच्या कुर्किवारा गावात त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही. पण संसारात काही आवाज असे असतात, की ते ऐकू आल्यावर नवऱ्याने पुढचं वाक्य फार जपून बोलावं. सीटखालच्या सांगाड्यातून 'ठक्' असा जो आवाज आला, तो त्या जातीचा होता. ओइवा कार्पिनेन जन्मात कधी विचार केल्याशिवाय बोलला नव्हता. नेमका त्या दिवशी बोलला.

"उतर बरं जरा," तो म्हणाला.

हिल्क्का उतरली. उतरल्याबरोबर बर्फावर चालणाऱ्या त्या स्नोमोबाईलचं मागचं अंग सुटकेचा निःश्वास टाकावा तसं हळूच वर आलं. हे तर फारच वाईट दिसलं.

"शॉकअप गेलाय," ओइवा घाईघाईने म्हणाला. "मागचा. हवेवर चालतो तो. हवा गेली असणार."

"असेल," हिल्क्का म्हणाली आणि हातमोज्यांवरचं बर्फ झटकत घरात गेली.

त्या 'असेल'मध्ये खरं तर काही नव्हतं. पण ओइवाने आयुष्यभर फिरत्या वाचनालयाच्या गाडीत बसून गावोगावी पुस्तकं वाटली होती, आणि दोन गावांच्या मधल्या वेळात ती वाचली होती. अशा माणसाला साध्या 'असेल'मध्येही तीन-चार अर्थ सापडतात, आणि त्यांतला सगळ्यात वाईट तो स्वतःसाठी ठेवून घेतो.

आता एका शॉकअपसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण सांगायला हवं. ईस्टरच्या शनिवारी सगळं कुर्किवारा हाउकीयार्वी तळं ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जातं. तिथे बर्फाला भोकं पाडून मासे धरायची स्पर्धा असते. हिल्क्का गावची निवृत्त आरोग्यसेविका; तिच्यावाचून स्पर्धेचं पान हलत नाही. ओइवाकडे स्नोमोबाईल नव्हती, म्हणून दरवर्षी ती शेजारच्या तैस्तोच्या मागे बसून जायची. आणि ओइवा? ओइवाला त्याच गाडीला मागून बांधलेल्या घसरगाडीत जागा मिळायची, वाटाण्याच्या सुपाच्या पातेल्याशेजारी. वाटेत झाकण उडू नये म्हणून त्याने पातेल्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसायचं असे. समोर पाहावं तर तैस्तोची रुंद पाठ, त्या पाठीला बिलगलेली आपली बायको, आणि तोंडावर त्या दोघांनी उडवलेलं बर्फ. वर्षानुवर्षं हा माणूस सुपाबरोबर पोचत आला होता. किनाऱ्यावरची मंडळी "आलं का सूप?" असं विचारायची, "आला का ओइवा?" असं कोणी कधी विचारलं नाही.

या हिवाळ्यात त्याने पलीकडच्या गावातून एक जुनी, दोघांच्या बसण्याची गाडी विकत घेतली होती. हिल्क्काने तिच्याभोवती एक फेरी मारली होती आणि म्हटलं होतं, "बरंय. या वर्षी मी तुझ्या मागे बसेन."

हे वाक्य ओइवा रोज झोपताना आठवायचा. आणि आता हे बूड.

*

पंप तैस्तोकडे होता. कुर्किवारात ज्याच्याकडे पंप असतो त्याच्याकडे मतंही असतात. तैस्तोचा रेनडियरचा कळप होता, आणि आवाज असा होता की कळपातल्या शेवटच्या जनावराला ऐकू जावा.

"सीट उचल," तो म्हणाला. "खाली तक्ता चिकटवलेला असतो. एका बाजूला चालवणाऱ्याचं वजन, दुसऱ्या बाजूला मागे बसणाऱ्याचं. दोन्ही जिथे मिळतात तेवढा दाब भरायचा. शेंबडं पोरही भरेल. तुझं वजन किती?"

ओइवाने सांगितलं. कुर्किवारातल्या प्रत्येक पुरुषाला दोन आकडे मरेपर्यंत पाठ असतात: सक्तीच्या लष्करी नोकरीत मिळालेल्या बुटांचा नंबर आणि तिथे भरलेलं वजन. बूट पुढे बदलतात. वजन मात्र सरकारने मोजलेलं असल्यामुळे बदलत नाही.

तैस्तोने मान डोलावली. त्यानेही तेच केलं असतं. "आणि हिल्क्काचं?"

ओइवाने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला नाही, पण न हलणारा पडदा काही पुरावा नव्हे. काय वाट्टेल ते झालं तरी बायकोचं वजन अंगणात उभं राहून शेजाऱ्याला सांगायचं नाही, एवढी समज त्याला होती. शिवाय ते त्याला माहीतही नव्हतं. घरात वजनकाटा नव्हता. "नोकरीत पुष्कळ काटे पाहिले," असं म्हणून हिल्क्काने निवृत्त झाल्याच्या आठवड्यात तो कुणाला तरी देऊन टाकला होता. तेव्हा ओइवाने एक आकडा सांगितला. तो आकडा सभ्य होता. सुरेख होता. तो हिशेबातून आला नव्हता, प्रेमातून आला होता.

तैस्तोच्या भुवया टोपीत गेल्या.

"बरं," तो म्हणाला. "कातडं काढून का?"

"तैस्तो!"

"नाही, म्हणजे तू म्हणतोस तर असेल. नवरा तू आहेस." त्याने पंप लावला, तक्त्याप्रमाणे हवा भरली, पंप काढला. 'फुस्स' झालं. मग खात्री करायला तो स्वतः मागे बसला, ओइवाला पुढे बसवलं. ठक्!

"टेकली," ओइवा म्हणाला.

"टेकणारच. भरलीये तिच्या वजनाची आणि बसलोय मी. याला तपासणी म्हणत नाहीत." हे तर्काला धरून होतं, तेव्हा ओइवाने पंप तेवढा मागून ठेवला.

*

सकाळी त्याला वाटलं, दाब पाहावा. पाहिला; कमी झाला होता. परत भरला. दुपारी वाटलं, सकाळी आपण नीट पाहिला नसेल. पंप लावला; कमीच. संध्याकाळी मनात आलं, की दुपारी आपण चष्मा न लावता वाचलं. चष्मा लावून पाहिला. आणखी कमी.

"गळतंय," तो हिल्क्काला म्हणाला.

"कुठून?"

"तेच तर कळत नाही."

"मग कळेपर्यंत जेवून घे," हिल्क्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. कुर्किवारात बातमी पसरायला दुकान पुरतं. आउनेच्या दुकानात एका बाजूला पीठ, खिळे, गळ आणि मेणबत्त्या असतात, दुसऱ्या बाजूला कॉफीची दोन टेबलं. दोन्हींच्या मध्ये स्वतः आउने असते. ओइवा साबण घ्यायला गेला होता. साबणाच्या पाण्याने गळती सापडते, असं त्याने वाचलं होतं.

"अंगाचा का कपड्यांचा?" आउनेने विचारलं.

"शॉकअपचा."

बस्स. त्याक्षणी दोन्ही टेबलांवरचे कप खाली ठेवले गेले.

"शॉकअपला साबण?" आउने म्हणाली. "अरे, माझे सासरे थुंकी लावून बघायचे. बुडबुडा आला की गळती. साबणाला पैसे पडतात, थुंकीला काय पडतं?"

"उणे वीसमध्ये थुंकी खाली पडायच्या आत गोठते," आर्मास म्हणाला. आर्मास निवृत्त विमा-तपासनीस. नोकरीत असताना त्याने कुणाचाही जळालेला गोठा आपोआप जळला असं मानलं नव्हतं, आणि ती सवय त्याने निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. "ओइवा, एक सरळ विचारतो. राग मानू नकोस. तुझ्या वाईटावर कोणी आहे का?"

"माझ्या?" ओइवा चकित झाला. आपल्या वाईटावर असण्याइतकं कोणी आपल्याकडे लक्ष देत असेल, ही कल्पना त्याला जरा सुखावून गेली.

"हवा आपोआप जात नसते. जाते म्हणजे कोणीतरी सोडतं. मी येतो तपासायला."

आर्मास आला. त्याने स्वतःचा पंप आणला होता, कारण तैस्तोच्या पंपावर त्याचा विश्वास नव्हता. दाब पाहिला, फुस्स. मग तैस्तोच्या पंपाने पाहिला, फुस्स. दोन आकडे जमेनात. दुसरा कमी. "बघ!" आर्मास म्हणाला. "आपण इथे उभे असताना सोडतंय कोणीतरी!" दोघांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे कुंपणावर एक कावळा बसला होता.

मग एकेक करून सगळे आले. कोणी सांगितलं पट्टा घट्ट कर, कोणी सांगितलं सैल कर. कुणाच्या मेव्हण्याच्या गाडीला अगदी असंच झालं होतं आणि मेव्हण्याने शेवटी गाडी विकून बोट घेतली. पण सल्ला कोणताही असो, प्रत्येकजण आधी पंप लावून दाब पाहायचा. दुसऱ्याने मोजलेल्यावर कुर्किवारात कोणी विश्वास ठेवत नाही. ते बरं दिसत नाही. आणि प्रत्येकजण जाताना विचारायचा, "ते सगळं ठीक, पण भरायचा किती? हिल्क्काचं वजन काय धरलंयस?"

ओइवा तोच सुरेख आकडा सांगायचा. माणसं टोपी सारखी करायची आणि म्हणायची, "अच्छा."

*

ओइवाने शेवटी शॉकअप सुटा करून सॉनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, नेला. अंगणात उभं राहून बारीक काम करताना बोटं गळून पडतात. कुर्किवारात माणूस बरा करायचा असो नाहीतर यंत्र, आधी त्याला सॉनात नेतात. भट्टी चांगली तापली होती. त्याने कपडे उतरवले, घंगाळात पाणी घेतलं, शॉकअप त्यात बुडवला आणि बाकावर उघडाच बसून बुडबुड्यांची वाट पाहू लागला. एकही बुडबुडा आला नाही. इतका वेळ आला नाही, की ओइवाला शॉकअपपेक्षा स्वतःचीच काळजी वाटू लागली. मग त्याने तिथेच, त्या उबेत, तक्त्याप्रमाणे दाब भरला. काटा जिथे हवा तिथे. तंतोतंत! बाहेर नेऊन बसवला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी सीटवर हात टेकला. हात खाली गेला.

एक मार्ग उरला होता. गाडी परदेशातून आणणाऱ्या कंपनीने दक्षिणेत एक मदत-सेवा ठेवली होती. ओइवाला फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे घाम फुटे. त्याने काय बोलायचं ते मनात दोनदा घोकलं आणि फोन लावला. पलीकडे आधी बराच वेळ अकॉर्डियन वाजलं, मग एका मुलीचा गोड आवाज आला.

"चालवणाऱ्याचं वजन?"

ओइवाने लष्करातलं सांगितलं.

"मागे बसणाऱ्याचं?"

स्वयंपाकघर आणि फोन यांच्यामध्ये एक दार होतं, आणि ते उघडं होतं. आत हिल्क्का पावाची कणीक मळत होती. मळण्याचा आवाज थांबला. किंवा थांबला असं ओइवाला वाटलं.

"साधारण," तो पुटपुटला.

"साधारण असं इथे घेत नाही. आकडा लागतो."

"मग मागे कोणी बसत नाही असं लिहा."

"बरं. आता तक्रार काय आहे ते सांगा."

"मागे बसलं की गाडी खाली टेकते."

"कोण बसलं की?"

"कोणी नाही."

मग मुलगी फार मायेने म्हणाली, "आजोबा, मागच्या माणसाचं वजन भरल्याशिवाय आमचा संगणक पुढच्या पानावर जात नाही. तुम्ही घरात नीट विचारून घ्या आणि पुन्हा फोन करा." आणि परत अकॉर्डियन सुरू झालं.

"कोण होतं?" हिल्क्काने आतून विचारलं.

"चुकीचा नंबर."

"चुकीच्या नंबरशी तू माझ्या आईशी बोलायचास त्यापेक्षा जास्त बोललास."

*

त्या आठवड्यात ओइवा फार खचला. त्याच्याकडे गाडीची माहिती-पुस्तिका होती आणि ती तो वाचतही होता. पण पुस्तक मधूनच उघडणं त्याला अनीती वाटे. तो पहिल्या पानापासून, कंपनीच्या संस्थापकाच्या मनोगतापासून सुरू झाला होता आणि अजून दिव्यांच्या प्रकरणापर्यंतच पोचला होता. शॉकअप बरेच पुढे होते. ईस्टर त्यांच्याआधी येणार असं दिसत होतं.

त्याने तैस्तोपाशी मन मोकळं केलं. म्हणजे अर्धं. "समज," तो म्हणाला, "मी सांगितलेला हिल्क्काचा आकडा थोडा... जुना असेल."

"मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं."

"पण तिला विचारणार कसं?"

"विचारायचं कशाला?" तैस्तोने छाती पुढे काढली. "मी कळप वेगळा करताना नुसता कुंपणाबाहेर उभा राहतो आणि जनावराचं वजन सांगतो. शिंगं धरून वेगळं, सोडून वेगळं. खाटीक काट्यावर घालतो तेव्हा मुठीएवढाही फरक निघत नाही. उद्या कॉफीला येतो."

ही मोहीम फसणार हे खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण बुडणाऱ्याला काडीचा आधार, आणि इथे तर आख्खा तैस्तो होता.

तो आला. टेबलाशी बसला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकले आणि ते मऊ व्हायची वाट पाहत हिल्क्काकडे बघू लागला. आधी समोरून. मग एक डोळा मिटून. ती वळली तसा बाजूने.

"हिल्क्का," तो म्हणाला, "जरा त्या वरच्या फळीवरची साखर देशील?"

हिल्क्काने हात उंचावून साखर काढून दिली.

"आणि... ती खालची, ती लाकडं. चुलीत एक टाकतेस का? नाही नाही, सावकाश वाक. घाई नाही."

हिल्क्का लाकूड हातात घेऊन सरळ उभी राहिली. "तैस्तो," ती म्हणाली, "आल्यापासून तू माझ्याकडे असा बघतोयस, जसा कळपात नवं वासरू दिसल्यावर बघतोस. काय, कान कापायचाय का माझा?"

रेनडियर कुणाचं हे त्याच्या कानाला घातलेल्या कापावरून ठरतं, आणि हिल्क्काच्या हातात लाकूड होतं. तैस्तोचा धीर सुटला.

"ओइवाने सांगितलं बघ म्हणून!"

ओइवा त्या वेळी वर्तमानपत्राच्या मागे होता. तो आणखी मागे गेला.

मग सगळं बाहेर आलं. तैस्तोला खोटं बोलता येत नसे आणि खरं हळू बोलता येत नसे. तक्ता, पंप, आर्मास, आउनेचं दुकान. "आख्ख्या गावाला माहीत आहे," तो म्हणाला, "फक्त आकडा माहीत नाही. म्हणजे आकडे आहेत तसे पुष्कळ. आर्मासचा एक आहे, आउनेचा एक आहे. माझं विचारशील तर..."

"विचारत नाही," हिल्क्का म्हणाली. "ओइवा, तो पेपर खाली ठेव. तू किती सांगितलंस?"

ओइवाने सांगितलं. इतक्या हळू, की कॉफीची किटली त्यापेक्षा मोठ्याने बोलत होती.

हिल्क्का चुलीपाशी तशीच उभी राहिली. "पंधराव्या वर्षी चर्चच्या शिबिरात कन्फर्मेशन घेतलं तेव्हा मी एवढी होते," ती म्हणाली. "आणि स्वतःचं?"

"लष्करातलं."

"अस्सं. म्हणजे गाडी भरलीये ती त्या दोन पोरांसाठी. छान! जाऊ देत त्यांना तळ्यावर. आपण म्हाताऱ्यांनी कशावर बसायचं?"

ओइवाने उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तिने लाकूड चुलीत टाकलं.

"मी सगळ्या गावाला कपडे काढायला लावून काट्यावर उभं केलं तीस वर्षं," ती म्हणाली. "मला आकड्याची लाज वाटेल असं वाटलं तुला? गावभर विचारत फिरलास. दक्षिणेतल्या त्या पोरीलाही विचारलंस, हो, ऐकलं मी. एक मलाच तेवढं विचारलं नाहीस." मग ती तैस्तोकडे वळली. "शनिवारी मी तुझ्या मागे बसते. दरवर्षीसारखी. ओइवा सूप धरेल."

तैस्तोने चीज न खाताच कप खाली ठेवला. हे त्याच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

*

ओइवाने त्या रात्रीपासून माहिती-पुस्तिका जवळजवळ अधर्म्य वेगाने वाचली. दिवे संपवले, ब्रेक संपवले, शुक्रवारी शॉकअप गाठले. तिथे एकच ओळ होती, आणि ती वाचून त्याने चष्मा काढून पुसला: दाब नेहमी ज्या थंडीत गाडी चालवायची त्याच थंडीत भरावा. त्याला सॉना आठवला. तापल्या भट्टीपाशी आपण उघडे बसून ज्या हवेवर एवढा विश्वास ठेवला, ती बाहेर पडताक्षणी आकसून बरीच कमी झाली असणार. त्या हवेबद्दल त्याला उगाच आपुलकी वाटली. त्याचंही फोनवर तसंच होत असे.

शनिवारी सकाळी सगळं गाव तळ्याच्या काठावर जमलं. गाड्या गुरगुरत होत्या. ओइवा आपली गाडी घेऊन आला होता, एकटा. एकट्याला ती बरी वाहत होती. त्याने ती जरा बाजूला लावली, हातमोजे काढले आणि उघड्या थंडीत पंप जोडला. बोटं लागलीच पांढरी पडली.

"किती झालाय?" आर्मास आलाच. "बघू. काढ तुझा, मी माझा लावतो."

फुस्स.

"मला दाखव," तैस्तो म्हणाला. त्याला ओइवाच्या नजरेला नजर देता येत नव्हती, म्हणून तो मदत करायला आला होता. फुस्स.

"थुंकी लावली का?" आउनेने लांबून विचारलं.

हिल्क्का सुपाचं पातेलं घसरगाडीत ठेवून तिथे आली. कमरेवर हात ठेवून तिने ती गर्दी जरा वेळ पाहिली.

"मी खिडकीतून रोज ऐकतेय," ती म्हणाली. "ते फुस्स काय असतं?"

"पंप काढला की होतं ते," आर्मासने समजावलं. "नळीतली हवा असते."

"आणि नळीत ती येते कुठून?"

आर्मासने तोंड उघडलं. मग नळीकडे पाहिलं. मग शॉकअपकडे. विम्याच्या अख्ख्या कारकिर्दीत गुन्हेगार स्वतःच निघण्याची त्याची ही पहिली वेळ असावी. तैस्तोने हातातला पंप हळूच पाठीमागे नेला. इतके दिवस आख्खं कुर्किवारा हवा गेली का ते पाहायला येत होतं, आणि जाताना थोडी थोडी हवा घेऊन जात होतं.

हिल्क्का वळली आणि तैस्तोच्या गाडीकडे निघाली.

ओइवा बर्फात गुडघ्यावर बसलेला होता. आता उठावं आणि जाऊन पातेलं धरावं, हे सोपं होतं. कुणी त्याला काही म्हटलं नसतं. त्याने आयुष्यात पुष्कळ सोप्या गोष्टी केल्या होत्या. समोर आर्मास होता, आउने होती, शाळेचे मास्तर, पाद्रीबुवा, सगळे होते. ओइवाला चार माणसांत कॉफीत आणखी साखर मागायची लाज वाटे.

"हिल्क्का!" तो म्हणाला. आवाज फाटला. "तुझं वजन किती?"

एकेक करून गाड्या बंद झाल्या. पाद्रीबुवांनी टोपी काढली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हिल्क्का थांबली. मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते ओइवाला दिसेना, चष्म्यावर वाफ धरली होती.

"हे विचारायला तुला एवढा हिवाळा लागला," ती म्हणाली.

आणि तिने आकडा सांगितला. दवाखान्यात पुकारायची त्याच आवाजात, स्वच्छ, किलोच्या खालच्या ग्रॅमपर्यंत. तो इथे देत नाही; ज्यांनी ऐकायचा त्यांनी ऐकला. "आणि तुझं, लष्कर सोड, हे आहे," ती म्हणाली आणि दुसरा सांगितला. तो जरा मोठा निघाला. ओइवाने पोटावरचं जाकीट खाली ओढलं.

आर्मासच्या ओठांवर हसू फुटू लागलं होतं. आउने शेजारणीच्या कानाशी वाकली होती.

"अजून कोणाचं ऐकायचंय?" हिल्क्का सगळ्यांकडे पाहत म्हणाली. "मला पाठ आहेत सगळ्यांची. आर्मास, तुझ्यापासून करू? तुझं तर उंचीसकट सांगते. तू तिथे बूट घालून उभा राहायचास."

आर्मासला एकाएकी आपली गाडी गरम करायची आठवण झाली. आउनेला मेणबत्त्या आठवल्या. पाद्रीबुवांनी टोपी परत घातली. बघता बघता काठ मोकळा झाला. तैस्तोच तेवढा उरला, तो खालमानेने म्हणाला, "माझा अंदाज बरोबर होता. शिंगं सोडून."

"तैस्तो, सूप धरायला आर्मासला घे," हिल्क्का म्हणाली. "आणि ओइवा, तक्त्यात बघून एकदाच भर. काढ पंप. परत लावायचा नाही."

"पण एकदा खात्री—"

"परत लावायचा नाही."

ती बसली. ओइवाने श्वास रोखला. सीट किंचित खाली गेली, थोडी थरथरली आणि थांबली. ठक् झालं नाही.

गाडी तळ्यावर उतरली. वाऱ्याने बर्फाच्या लाटा केल्या होत्या. पहिल्या लाटेवर मागचं अंग वर उचललं गेलं आणि अलगद खाली आलं. दुसऱ्या लाटेवरही तसंच. हिल्क्काने दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला विळखा घातला. ओइवाला समोर नुसतं पांढरं तळं दिसत होतं, कुणाची पाठ नाही. असं तळं त्याने पूर्वी पाहिलंच नव्हतं.

मध्यावर आल्यावर त्याच्या मनात आलं, की आत्ताची लाट जरा कडक लागली. खरंच लागली का? कदाचित दाब उतरला असेल. कदाचित आपण तक्त्यात शेजारची ओळ वाचली. पंप खिशात होता. एक क्षणभर थांबून नुसता लावून पाहिला तर... त्याने वेग कमी केला.

"काय झालं?" हिल्क्का त्याच्या कानाशी ओरडली.

"काही नाही! म्हटलं, दाब एकदा बघून घ्यावा!"

"ओइवा!"

"हं?"

"मागून तैस्तो येतोय!"

ओइवाने मागे पाहिलं नाही. अंगठ्याखालचा वेगाचा खटका त्याने पार तळापर्यंत दाबला.